गुलाल आणि नॉईज : विसर्जन मिरवणुकीच्या फोटोंवरच्या कामाच्या नोंदी

२० सप्टेंबर २०२४

काम ठरलं. १७ तारखेच्या विसर्जन मिरवणुकीत आपल्या ढोल-ताशा पथकाचे जे फोटो निघाले, त्यांतले डझनभर निवडून मोठे प्रिंट करायचे. दसऱ्यानंतर पथकाचा मेळावा आहे, तिथे ते भिंतीवर लागतील. बहुतेक १२ × १८ इंच, एखाददुसरा २४ × ३६.

दिवसा काढलेल्या फोटोंना फारसं काही करावं लागणार नाही. प्रश्न रात्रीच्या फोटोंचा, त्यांत नॉईज आहे, म्हणजे कमी प्रकाशामुळे चित्रात उठणारे खरखरीत, रंगीत ठिपके. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर दिवे लागल्यापासून टिळक चौकापर्यंत सगळं आयएसओ (सेन्सरवर आलेलं किती मोठं करायचं तो आकडा) ६४०० वर आहे, काही फ्रेम १२८०० वर. कॅमेरा निकॉन डी७५०, लेन्स एफ २.८, फाइली १४ बिट रॉ, म्हणजे सेन्सरवरून आल्या तशा कच्च्या.

इतका आयएसओ लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वादकाचं टिपरू हवेत थांबलेलं दिसायला हवं असेल तर शटर निदान १/५०० सेकंदाचा लागतो. १/१२५ वर आयएसओ १६०० मध्ये भागलं असतं, पण मग टिपरू, मनगट आणि ताशाच्या काड्या यांचे नुसते फराटे उमटतात. काही फोटोंत ते छान दिसतात, सगळ्यांत नाही. शटरचे हे दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) मिळवायचे म्हणजे सेन्सरवर चौथाईच प्रकाश पडतो, आणि नॉईजच्या तुलनेत चित्र निम्म्याने दुबळं होतं.

आयएसओ वाढवला की नॉईज येतो असं सर्रास म्हटलं जातं. खरं कारण प्रकाशाची टंचाई हे आहे. फोटॉन सेन्सरवर एका लयीत येत नाहीत, कमी-जास्त येतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन आले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च आले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. आयएसओ जे आलं ते मोठं करून दाखवतो, त्यातल्या चढउतारासकट. म्हणून सॉफ्टवेअर हरवलेला प्रकाश परत आणू शकत नाही. शेजारच्या पिक्सेलकडे बघून इथे काय असावं याचा अंदाज बांधतं. तो अंदाज कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हे आपण ठरवायचं.

२१ सप्टेंबर

निवड झाली. मुख्य फोटो ठरला. पथकातली एक ताई, कमरेला ढोल, मान किंचित मागे, टिपरू डोक्याच्या वर. मागून कुणीतरी मूठभर गुलाल उधळला आहे आणि पलीकडच्या हॅलोजनचा उजेड त्या ढगातून आरपार येतोय. फेट्याच्या काठावर, भुवयांवर, ढोलाच्या पानावर (टिपरू पडतं त्या पडद्यावर) गुलाल बसलाय.

फाइल १०० टक्क्यांवर उघडली, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. ढगाच्या मध्यभागी गुलाल दाट आहे, तिथे अडचण नाही. लेन्सच्या अगदी जवळ उडालेले कण फोकसबाहेर जाऊन मोठ्या गुलाबी चकत्या झालेत, तेही ठीक. ढगाची कड मात्र अवघड. तिथे एकेक कण सुटा झालाय, दोन-तीन पिक्सेलचा. आणि त्याच अंधारात नॉईजचेही ठिपके आहेत, तेवढेच, काही लाल, काही जांभळट. नुसत्या नजरेने सांगता येत नाही की हा गुलाल आणि हा नॉईज. या कामाचा गाभा हाच.

२३ सप्टेंबर

सोपी वाट आधी करून पाहिली. एआयवर चालणारा एक डिनॉईजर, म्हणजे नॉईज काढणारं सॉफ्टवेअर, बटण दाबलं की झालं असा. लाखो फोटोंवरून शिकलेली ही सॉफ्टवेअरं पाच-दहा वर्षांपूर्वीच्या साधनांपेक्षा खरोखर फार पुढे गेली आहेत. पांढरा कुर्ता स्वच्छ निघाला, फेट्याच्या चुण्या नीट राहिल्या, आकाश काळंभोर झालं. पहिल्या नजरेला कुणीही म्हणेल, वा.

मग जवळून पाहिलं. ढगाच्या कडेचा गुलाल गेलेला. जिथे सुटे कण होते तिथे मऊ गुलाबी धूर. गालावरचे घामाचे बारीक थेंब पुसले जाऊन कातडी मेणाच्या पुतळ्यासारखी झाली. सगळ्यात मागे एका दुकानाची पाटी होती, मूळ फाइलमध्ये धूसर पण वाचता येण्याजोगी. इथे तिची शिरोरेघ ठसठशीत आली आणि खालची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहिली नाहीत. सॉफ्टवेअरने अंदाज केला आणि तो पूर्ण आत्मविश्वासाने रंगवला. धूसर पाटी मला चालते, खोटी नाही चालत.

संध्याकाळी ताईला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. काय केलंय ते सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "दादा, यातला गुलाल कुणी धुतला?" मग थोडं थांबून, "तो दुसराच लाव. त्या दिवशी तीन वेळा डोकं धुतलं तरी गुलाल निघत नव्हता."

एआय पूर्णपणे बाद नाही. ज्या फोटोंत गुलाल नाही आणि मागे अक्षरं नाहीत, तिथे मात्रा निम्म्याच्या खाली ठेवून वापरणार.

२५ सप्टेंबर

आज दिवसभर एकच प्रश्न. गुलाल आणि नॉईज वेगळे ओळखायचे कसे?

पहिली खूण काळाची. नॉईज प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने पडतो. हा कॅमेरा सेकंदाला साडेसहा फ्रेम घेतो आणि ताईचे लागोपाठचे फोटो हाताशी आहेत. दोन फ्रेम शेजारी लावून २०० टक्क्यांवर तिचा चेहरा पाहिला. डाव्या भुवईच्या टोकाशी तीन गुलाबी ठिपक्यांचा एक त्रिकोण आहे. तो पुढच्या फ्रेममध्येही तसाच, मान थोडी वळली तसा तोही वळलेला. तो गुलाल. गालाच्या सावलीतला जांभळा ठिपका पुढच्या फ्रेममध्ये नाही, त्याच्या जागी दुसरीकडे हिरवट ठिपका आलाय. तो नॉईज. चेहरा, फेटा आणि ढोलाचं पान, तिन्हींवर ही खूण चालली.

हवेतल्या गुलालाला मात्र ती लागू होत नाही, कारण दोन फ्रेमच्या मधल्या वेळात कण कुठच्या कुठे जातात. त्याच्यासाठी दुसरी खूण, आकाराची. गुलालाचा कण लेन्समधून येतो. लेन्स कितीही चांगली असली तरी बिंदूचा बिंदू देत नाही, थोडा पसरवते. शिवाय डी७५० च्या सेन्सरपुढे लो-पास फिल्टर आहे, तोही प्रतिमा जाणूनबुजून किंचित पसरवतो. त्यामुळे खरा कण शेजारच्या तीन-चार पिक्सेलवर मिळून पडतो आणि त्याच्या कडा हळूहळू विरतात. नॉईजला लेन्स माहीत नाही. तो एकेका पिक्सेलचा स्वतंत्र असतो, शेजाऱ्याशी त्याचा संबंध नसतो.

पण हा फरक कच्च्या फाइलमध्येच दिसतो. सेन्सरवर दर २ × २ च्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा पिक्सेल असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ मध्ये पेटंट झालेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून भरून काढतात. या भरणीला डिमोझेक म्हणतात. एकदा ती झाली की एकट्या पिक्सेलचा नॉईजही शेजारी पसरतो, त्याचे रंगीत डाग होतात आणि ते हुबेहूब गुलालासारखे दिसू लागतात.

डार्कटेबल या रॉ फाइलींवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिमोझेक न करता कच्चं मोझेक, म्हणजे पिक्सेलमागे एकच रंग असलेली ती मूळ जाळी, बघायची सोय आहे. ढगाची कड तशी पाहिली आणि चित्र स्पष्ट झालं. गुलालाच्या जागी शेजारशेजारचे लाल आणि निळे पिक्सेल मिळून उजळलेले, हिरवे मागे राहिलेले, कारण गुलालाचा गुलाबी रंग म्हणजे भरपूर लाल, थोडा निळा आणि जवळपास नाहीच इतका हिरवा. नॉईजच्या जागी एखादाच पिक्सेल उठलेला, रंग कुठलाही. लेन्सने आणि फिल्टरने कण पसरवला नसता तर तो लाल पिक्सेल चुकवून हिरव्यावर पडला असता आणि दिसलाच नसता. ज्या पसरण्याला आपण एरवी धार गेली म्हणून नावं ठेवतो, त्याच्यामुळेच हा गुलाल ओळखता येतोय. हे बघून फार बरं वाटलं.

नॉईज काढणारी चांगली साधनं डिमोझेकच्या आधी किंवा लगेच नंतर का काम करतात, याचंही उत्तर यातच आहे. जेपेगवर हे काम करायला बसलं की निम्मी लढाई आधीच हरलेली असते.

२८ सप्टेंबर

आता प्रत्यक्ष काढणं. डार्कटेबलच्या प्रोफाइल्ड डिनॉईजवर काम करतोय. प्रोफाइल्ड म्हणजे या कॅमेऱ्याचा, या आयएसओचा नॉईज किती असतो ते मोजून सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेलं असतं. मॉड्यूल दोनदा लावायचं, एकदा फक्त रंगावर आणि एकदा फक्त उजेडावर.

एरवीचा नियम असा की रंगाचा नॉईज बिनधास्त काढावा आणि उजेडाच्या नॉईजला जपून हात लावावा. डोळ्याला रंगातला बारीक तपशील फारसा कळत नाही, उजेडातला कळतो. चेहरे, कपडे, रस्ता, सगळीकडे हा नियम बरोबर आहे. गुलालावर तो उलटा पडतो. रंगाचं सफाईकाम मोठ्या घेरात सरासरी काढतं. मग दोन पिक्सेलच्या गुलाबी कणाचा रंग आजूबाजूच्या काळ्यात विरघळतो आणि उरते राखाडी धूळ. दाट ढगाच्या शेजारी पांढरा कुर्ता असेल तर गुलाबी त्याच्यावर सांडतो. गुलालाची ओळख त्याच्या रंगातच आहे, तो रंग गेला की उरलेल्या ठिपक्याला काही अर्थ नाही.

म्हणून मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच निवडून वेगळा ठेवणं. आधी रंगछटेवरून निवड करून पाहिली, गुलाबी पट्टा वगळून बाकी सगळं साफ करायचं. उजेडाच्या भागात जमलं. अंधारात छटाच नॉईजने बिघडलेली असते, त्यामुळे मास्कवरही तेच ठिपके उठले. शेवटी ढगाच्या कडेने ब्रशने हाताने मास्क काढला, त्याला छटेच्या मास्कची जोड दिली आणि दोन्ही बरेच ब्लर केले. मास्कच्या आत रंगाची सफाई अगदी थोडी, बाहेर पूर्ण.

उजेडासाठी नॉन-लोकल मीन्स. ब्युआडेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत. पिक्सेलच्या भोवतीचा छोटा तुकडा घ्यायचा, चित्रात तसेच दिसणारे दुसरे तुकडे शोधायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. कुर्त्याच्या कापडावर ती अप्रतिम चालते, कारण एकसारखे तुकडे हवे तितके मिळतात. ढोलाच्या आवळलेल्या दोऱ्यांशी मात्र तिला जोडीदार सापडत नाहीत. तिथे नॉईज तसाच राहतो, आणि स्वच्छ पानाच्या शेजारी ती खरखर जास्तच डोळ्यात येते. उपाय म्हणून पानावरची सफाईच कमी केली. पानावर थोडी खरखर राहिली तर बिघडत नाही. त्यावर टिपरूचे घाव आहेत, ओरखडे आहेत, गुलाल घासून बसलाय. ते पान गुळगुळीत दिसलं तर वाजवणाऱ्यांना पटणार नाही.

निळ्या चॅनेलकडे वेगळं लक्ष द्यावं लागलं. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात निळा मुळातच कमी असतो. व्हाइट बॅलन्स नीट करायला, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, सॉफ्टवेअर तो ताणतं आणि त्याच्यासोबत त्याचा नॉईजही ताणला जातो. सावलीतले जांभळट डाग बहुतेक त्याचेच. चेहरा मुद्दाम थोडा पिवळाच ठेवला. उजेड पिवळाच होता, आणि तेवढ्याने निळ्यावरचा ताण कमी झाला.

३० सप्टेंबर

पथकातल्या एकाने सुचवलं की सगळे फोटो कृष्णधवल करावेत, नॉईज ग्रेनसारखा, म्हणजे जुन्या फिल्मवरच्या दाण्यांसारखा, छान दिसेल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, रंगाचा नॉईज मुळातूनच जातो. ताशाच्या एका फोटोसाठी मान्य केलं, तिथे गुलाल नाही आणि काड्यांची धार चांगली उठते. बाकीच्यांना नाही.

२ ऑक्टोबर

नदीपात्रातल्या सरावाच्या जागेचा फोटो. रात्री ओळीने मांडून ठेवलेले ढोल, वर एकच दिवा. ट्रायपॉड नव्हता म्हणून हातात धरून लागोपाठ १६ फ्रेम घेतल्या होत्या.

इथे अंदाज बांधायची गरजच नाही, प्रकाश खरोखर जास्त गोळा झालाय. १६ फ्रेमची सरासरी काढली की नॉईज चौथाईवर येतो, कारण तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. ह्युजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमधल्या साधनाने फ्रेम एकमेकींवर बसवल्या. हाताची थरथर एवढीशीच होती, सहज जुळल्या. सरासरीऐवजी मीडियन, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधली मधली किंमत, घेतला, कारण मध्ये कुणी ना कुणी ये-जा करत होतं आणि सरासरीत त्यांची भुतं राहतात. मीडियनमध्ये नॉईज साधारण सव्वापट जास्त राहतो, तो परवडला.

ढोल असे निघाले की एकेक गाठ मोजावी. पण कोपऱ्यात एक मुलगा गुडघा टेकवून दोरी ओढत होता, तोही मीडियनने पुसला गेला. त्याच्याशिवाय हा फोटो नुसता सामानाचा. एका फ्रेममधून तो आणि त्याचा ढोल उचलून मास्कने परत बसवला. तो भाग अर्थातच जास्त खरखरीत, म्हणून बाकी चित्रावर तेवढाच ग्रेन वरून टाकला आणि त्या मुलाच्या भागातला नॉईज थोडा उतरवला. दोन्ही मध्यावर भेटले.

५ ऑक्टोबर

चाचणी प्रिंट. मुख्य फोटोचे तेच तुकडे तीन मात्रांत, काहीच न काढलेले, मध्यम आणि पूर्ण, एका ८ × १२ च्या कागदावर शेजारी छापून घेतले. तुकडे १२ × १८ च्या मापाने, म्हणजे इंचाला ३३४ पिक्सेल, कारण फाइलची लांब बाजू ६०१६ आहे.

हे करायला हवंच होतं. घरचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल दाखवतो. त्यावर १०० टक्क्यांवर बघणं म्हणजे साडेपाच फूट रुंद प्रिंटला नाक लावून उभं राहणं. मेळाव्यात तसं कुणी उभं राहणार नाही.

कागदावर मधल्या उजेडाचा नॉईज जवळजवळ दिसेनासा झाला. मध्यम तुकडा सगळ्यात चांगला. काहीच न काढलेल्या तुकड्यात फक्त आकाशातले रंगीत डाग खटकतात, चेहरा उलट जिवंत वाटतो. पूर्ण काढलेला तुकडा लॅबवाल्या काकांनी दिव्याखाली तिरका धरला आणि म्हणाले, "एवढं गुळगुळीत केलं की काळ्यात पट्टे येतात बघा." खरंच, हॅलोजनभोवतीचा उजेड अंधारात विरतो तिथे पायऱ्या पडल्या होत्या. ८ बिट जेपेगमध्ये हलक्या उतारासाठी छटा अपुऱ्या पडतात, आणि थोडा नॉईज असेल तर तोच त्या पायऱ्या बुजवतो. म्हणून सफाई झाल्यावर सगळ्या फाइलींवर बारीक, एकरंगी ग्रेन. हे आता पक्कं.

कागद मॅट घेतोय. ग्लॉसीवर काळा जास्त खोल येतो, पण त्याच काळ्यात डागही स्पष्ट दिसतात, आणि मेळाव्याच्या हॉलमधल्या ट्यूबलाइट त्यावर चमकतील.

८ ऑक्टोबर

सगळ्या फाइली तयार. शार्पनिंग सर्वात शेवटी, मापाला आणल्यावर, आणि मास्क लावून फक्त कडांवर. आधी केलं असतं तर नॉईजलाच धार आली असती.

२४ × ३६ साठी शेवटी नदीपात्रातले ढोल घेतले. त्या मापाला फाइल इंचाला १६७ पिक्सेलवर येते आणि नॉईजला लपायला जागा राहत नाही, पण तो फोटो तेवढा स्वच्छ आहे. ताईचा फोटो १२ × १८. तिला फाइल पाठवली तेव्हा उत्तर आलं, "आता बरोबर. भुवईवरचापण आहे."

टिळक चौकातला आयएसओ १२८०० चा फोटो बराच वेळ हातात धरून बसलो. ध्वज वर फेकलेला, खाली सगळ्यांचे हात, आणि हवेत गुलाल असा की कच्च्या मोझेकमध्येही कण आणि नॉईज सुटे होत नाहीत. प्रकाशच तेवढा नव्हता. साफ करत राहिलो तर गुलाल जाईल हे दिसत होतं, म्हणून मापच लहान केलं. ८ × १२ ला, ३०० पिक्सेल प्रति इंच धरून, लांब बाजू ६०१६ वरून ३६०० वर येते. कमी करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि त्यानेच नॉईज बराच उतरतो. बाकी फक्त आकाशातले रंगीत डाग काढले, गुलालाला हात लावला नाही. भिंतीवर तो इतरांपेक्षा लहान दिसेल, दाराजवळच्या अरुंद भिंतीवर लावायचं ठरलंय, तिथे लोक आपोआप जवळून बघतात.

फाइली लॅबला दिल्या. मॅट कागद, लॅबकडून कुठलंही करेक्शन नको, असं प्रत्येक फाइलच्या नावातच लिहिलंय. प्रिंट शुक्रवारी संध्याकाळी मिळतील.